छताचा पंखा आणि काळी तार

काटोल हें नागपूर-इटारसी लोहमार्गावरील संत्र्यांचें गांव. वैशाखांत त्या बाजूचा पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, तेव्हां तेथील गृहस्थाला दोन चिंता असतात: बागेला पाणी आणि घराला वारा. पैकीं दुसरी आज एक बटण दाबून दूर होते. म्हणूनच जुना पंखा उतरवून त्या जागीं दिव्यासह नवा पंखा टांगणें हें काम किरकोळ वाटतें. परंतु छतांतून खालीं आलेल्या दोन तारांमागें मोठा इतिहास आहे, आणि तो न जाणणाऱ्याला कधीं कधीं प्राणांची किंमत द्यावी लागते.

विजेपूर्वींहि छताला पंखा होताच. पण तो माणसाच्या हातानें हालत असे. लांब लाकडी दांडीला कापडाची झालर, तिला दोर, आणि भिंतीच्या भोंकांतून बाहेर गेलेल्या दोराच्या टोकाशीं ओसरीवर बसलेला पंखेवाला, अशी ती व्यवस्था कचेऱ्यांत व साहेबांच्या बंगल्यांत असे. रात्रीं त्याचा डोळा लागला कीं पंखा थांबे, आणि पंखा थांबला कीं त्याच्या पाठींत लाथ बसे. अशा मारानें पंखेवाले दगावल्याचीं प्रकरणें इंग्रजी अंमलांत न्यायालयांपर्यंत गेलेलीं आहेत.

इ. स. १८८२ च्या सुमारास अमेरिकेंत सिंगर कंपनीच्या शिवणयंत्रांवर काम करणाऱ्या फिलिप डील या जर्मनींत जन्मलेल्या कारागिरानें शिवणयंत्राच्या मोटारीला पातीं जोडून ती छताला टांगली. पुढें त्यानेंच पंख्याखालीं दिवाहि बसविला. म्हणजे दिव्यासह पंखा ही आजची नवलाई नव्हे. १८९९ सालीं कलकत्त्याला विजेचा पुरवठा सुरू झाला आणि हा पंखा हळूहळू इकडील घरांत शिरला. पंखेवाल्याच्या हातांतील दोर सुटला. त्याबरोबर त्याची रोजीहि सुटली.

१९४८ च्या कायद्यानें प्रांतोप्रांतीं वीजमंडळें स्थापण्याची तरतूद झाली, आणि मोठ्या शहरांपुरती असलेली वीज तालुक्यांच्या गांवांकडे वळूं लागली. काटोल तेव्हां मध्यप्रांतांत होतें. १९५६ सालीं तें मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आलें. राज्यें बदललीं, पण घरांतील तारांचे रंग इंग्रजांनीं लावून दिलेलेच राहिले: प्रवाह आणणारी म्हणजे फेजची तार तांबडी, न्यूट्रल काळी, अर्थिंगची हिरवी.

खरा घोटाळा येथेंच होतो. अमेरिकेंत फेजची तार काळी आणि न्यूट्रल पांढरी. तेथील पद्धतीच्या दिव्यासह पंख्यांत काळी तार पंख्याची आणि निळी दिव्याची फेज असते. युरोपांत निळी तार न्यूट्रल; आपल्याकडे तीन फेजांच्या जोडणींत मात्र तीच एका फेजची. खुद्द इंग्लंडनेंहि घरांतील जुने तांबडे-काळे रंग सोडून २००६ पासून तपकिरी आणि निळे अनिवार्य केले. म्हणून बाहेर देशांतून आलेला पंखा काटोलच्या जुन्या घरांत टांगतांना काळ्याला काळी जोडणारा माणूस रंगाशीं प्रामाणिक राहतो, पण विजेशीं नाहीं. रंग ही माणसांनीं ठरविलेली खूण आहे, आणि ती देशोदेशीं निराळी आहे.

दुसरी चूक बटणाची. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांनीं न्यूट्रलच्या तारेंत एकेरी बटण बसविण्यास मनाई केली. बटण न्यूट्रलवर असलें तर पंखा थांबतो, दिवा विझतो, पण वरच्या तारा प्रवाहितच राहतात. शिडीवर चढलेल्याला तें दिसत नाहीं. म्हणून जाणता वायरमन प्रथम टेस्टरनें फेज ओळखतो, नंतर घराचा मुख्य स्विच बंद करतो, आणि तारा निर्जीव झाल्याची पुन्हा खात्री करून मगच पंख्याला हात लावतो.

जुन्या खोलींत पंख्यासाठीं दोनच तारा असतात. दिवा निराळा लावावयाचा तर त्याला स्वतंत्र फेज आणि स्वतंत्र बटण हवें. तो पंख्याच्या रेग्युलेटरवर टाकतां येत नाहीं. तिसरी तार ओढतांना अर्थिंगचीहि ओढावी, पंख्याच्या धातूच्या अंगाला ती घट्ट जोडावी, आणि जुनें आंकडें नवें वजन पेलेल कीं नाहीं हें पाहावें. धाब्याच्या घरांतील तुळई वरून धड दिसली तरी आंतून वाळवीनें पोखरलेली असूं शकते.

पंखेवाल्याचा दोर भिंतीपलीकडे कोठें जातो आणि तो कोण ओढतो, हें खालीं झोपलेल्याला ठाऊक असे. तरी तो त्या माणसाची पर्वा करीत नसे. आजचा दोर तांब्याचा आहे आणि भिंतींत बुजलेला आहे. त्याच्या टोकाशीं आतां घरचाच माणूस शिडीवर उभा असतो, आणि त्याची पर्वा घरच्यांनींच करावयाची आहे.