बटणावरचा शब्द : संगणक माणसाशी बोलायला कसा शिकला

आजचा विषय दिसायला किरकोळ आहे. संगणकाचा इतिहास आपल्याला बहुतेक वेळा चिप, वेग आणि मेमरी यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आज आपण त्याच काळातल्या दुसऱ्या एका गोष्टीकडे बघणार आहोत. पडद्यावर उमटणारे चार-दोन शब्द, म्हणजे ‘ओके’, ‘कॅन्सल’, ‘एरर’, हे कुणी ठरवले, कसे ठरवले आणि ते चुकले तेव्हा काय झालं? सगळ्या उदाहरणांना मी एकच प्रश्न विचारणार आहे : हे वाक्य कुणाच्या जागेवरून लिहिलंय, यंत्राच्या की माणसाच्या?

सुरुवात 1969 पासून करू. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्ससाठी ‘ईडी’ नावाचा एडिटर लिहिला. तुमची काहीही चूक झाली की तो एकच उत्तर द्यायचा : प्रश्नचिन्ह. फाइल सापडली नाही, प्रश्नचिन्ह. आज्ञा कळली नाही, प्रश्नचिन्ह. आपल्याला आज हा उर्मटपणा वाटेल, पण त्यामागचं कारण बघा. तेव्हा समोर पडदा नव्हता, टेलिटाइप होता, म्हणजे कागदावर छापणारं यंत्र. टेलिटाइप मॉडेल 33 सेकंदाला 10 अक्षरं छापायचं. साठ अक्षरांचा संदेश म्हणजे सहा सेकंद खडखडाट! शिवाय वापरणारे आणि लिहिणारे एकाच दालनातले. काय चुकलं हे ज्याचं त्याला कळायचं. तिथे तुटकपणा ही काटकसर होती. पुढे यंत्रं वेगवान झाली, वापरणारे बदलले, पण तुटकपणाची सवय तशीच राहिली.

1981 साली आयबीएमचा पीसी बाजारात आला, सोबत डॉस. ड्राइव्हमध्ये फ्लॉपी नसली किंवा ती वाचता आली नाही, की पडद्यावर यायचं : ‘अबॉर्ट, रिट्राय, इग्नोर?’ तुमच्यापैकी ज्यांनी नव्वदच्या दशकात संगणकाचा क्लास केलाय, त्यांना हे पाठ असेल. आता हे तीन शब्द नीट बघा. अबॉर्ट म्हणजे चालू प्रोग्रॅम बंद कर. रिट्राय म्हणजे पुन्हा वाचून बघ. आणि इग्नोर म्हणजे काही चुकलंच नाही असं समजून पुढे जा. त्यात माहितीची वाट लागू शकते. प्रोग्रॅमपुढे असलेल्या तीन वाटांची ही नावं आहेत. माणसाच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न असतो : माझं पत्र वाचेल का? त्याचं उत्तर त्या ओळीत कुठेच नाही. 1987 मध्ये डॉस 3.3 आलं आणि त्यात चौथा पर्याय मिळाला : ‘फेल’. म्हणजे सोय वाढली आणि गोंधळही!

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात ॲपल कंपनी ‘लिसा’ नावाचा संगणक घडवत होती. तिथे लॅरी टेस्लर होते. आपण रोज जे कट-कॉपी-पेस्ट करतो, ते त्यांनी आधी झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत आकाराला आणलं होतं. टेस्लर यांचा एक आग्रह होता : ज्यानं संगणक कधी पाहिलेला नाही अशा माणसाला समोर बसवायचं आणि गप्प राहून बघायचं. लिसाच्या संवादचौकटीत दोन बटणं होती, ‘कॅन्सल’ आणि ‘डू इट’. ‘ओके’ हा शब्द सुचला होता, पण तो फार बोलीतला वाटला म्हणून बाजूला ठेवलेला.

चाचणीत मात्र लोक ‘डू इट’पाशी येऊन अडखळत. कारण कळेना. शेवटी एकजण वैतागला. त्याचं म्हणणं असं, की हा संगणक मला मूर्ख का म्हणतोय? झालं असं होतं, की त्या टाइपात कॅपिटल आय आणि स्मॉल एल सारखेच दिसत, आणि दोन शब्दांमधली जागा इतकी कमी होती की ‘डू इट’ हे ‘डोल्ट’ असं वाचलं जात होतं. डोल्ट म्हणजे इंग्रजीत ठोंब्या. लगेच बटणावर ‘ओके’ आलं. आज जगभरच्या पडद्यांवर जो शब्द दिसतो, त्याची ॲपलमधली निवड अशी झाली. हुशार माणसांनी बंद खोलीत घेतलेला निर्णय एका अनोळखी वाचकानं बदलायला लावला.

आता इथवर हे सगळं गमतीचं वाटलं असेल. पुढचं उदाहरण तसं नाही.

‘थेरॅक-25’ हे कॅनडात तयार झालेलं, कर्करोगावर किरणोपचार करणारं यंत्र. जून 1985 ते जानेवारी 1987 या काळात त्याचे सहा अपघात नोंदले गेले. मार्च 1986 मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी एका रुग्णावर उपचार चालू होते. तंत्रज्ञ महिलेनं किरणांचा प्रकार चुकून वेगळा टाकला, लगेच दुरुस्त केला आणि यंत्र सुरू केलं. यंत्र थांबलं. पडद्यावर आलं : ‘मालफंक्शन 54’. सोबतच्या माहितीत त्याचा अर्थ ‘डोस इनपुट 2’ एवढाच होता. यंत्र अशा किरकोळ तक्रारी वरचेवर करायचं, आणि पुढे चालू ठेवायला ‘पी’ ही एकच कळ दाबायची असे. तिनं ती दाबली. रुग्णाला ठरलेल्या डोसाच्या कितीतरी पट किरण मिळाले होते, आणि दुसऱ्यांदा पुन्हा. पुढच्याच महिन्यात तिथेच दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत तोच आकडा आला. त्या दोघांचाही मृत्यू झाला.

इथे काळजीपूर्वक बोललं पाहिजे. अपघाताचं मूळ शब्दांत नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये दोष होता, आणि आधीच्या मॉडेलमधली यांत्रिक सुरक्षा या मॉडेलमध्ये काढून टाकलेली होती. पण ‘मालफंक्शन 54’चा खरा अर्थ होता, की डोस फार जास्त किंवा फार कमी गेला आहे. तेवढं साधं वाक्य पडद्यावर असतं आणि ‘पुढे चालू’ची कळ इतकी सोपी नसती, तर त्या महिलेला थांबायचं कारण मिळालं असतं. तिच्यासमोर कारण नव्हतं, आकडा होता.

याच काळात या विषयाचा अभ्यासही सुरू झाला होता. मेरीलँड विद्यापीठाचे बेन श्नाइडरमन यांनी 1982 मध्ये संगणकाच्या संदेशांवर लिहिताना ‘फेटल’, ‘इल्लीगल’, ‘अबॉर्ट’ अशा दरडावणाऱ्या शब्दांना आक्षेप घेतला. संदेश नेमका असावा, काय करायचं ते सांगणारा असावा, आणि दोष माणसावर ढकलणारा नसावा, हे त्यांचं सूत्र. तरीही तेरा वर्षांनी आलेल्या विंडोज 95 मध्ये वाक्य होतंच : या प्रोग्रॅमनं इल्लीगल ऑपरेशन केलं आहे, तो बंद केला जाईल. प्रोसेसरच्या भाषेत इल्लीगल म्हणजे न चालणारी सूचना. घरात बसलेल्या माणसाला मात्र वाटणार, आपल्या हातून गुन्हा घडला!

बटणांच्या बाबतीत मात्र प्रगती झाली. सुरुवातीच्या मॅकवर ‘बदल सेव्ह करायचे?’ या प्रश्नाला ‘हो’, ‘नाही’, ‘कॅन्सल’ अशी उत्तरं होती. पुढे त्याच जागी ‘सेव्ह’ आणि ‘डोन्ट सेव्ह’ आलं. फरक छोटा, पण मोलाचा : प्रश्न न वाचताही बटण काय करणार ते कळतं.

यानंतर कंपन्यांना जाणवलं, की हे शब्द म्हणजे आपला चेहराच आहे. फ्लिकर ही फोटोंची साइट वेगवेगळ्या भाषांत नमस्कार करायची. मेलचिंप कंपनीनं आपल्या लेखनाचे नियम मांडताना एक उपयोगी भेद केला : आवाज एकच असतो, सूर मात्र समोरच्याच्या मनःस्थितीप्रमाणे बदलतो. पैसे अडकलेत अशा माणसाशी विनोद करायचा नसतो. ब्रँडची भाषा म्हणजे सगळीकडे चुरचुरीतपणा, असा समज असणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

आता मराठीकडे येऊ, कारण हे सगळे प्रश्न आपल्याकडे जास्त अवघड होतात. इंग्रजीत ‘यू’ म्हटलं की काम भागतं. आपल्याला तू, तुम्ही, आपण यातून निवड करावी लागते, आणि एका पडद्यावर ‘तुम्ही’, दुसऱ्यावर ‘आपण’ असं झालं की दोन वेगळी माणसं बोलतायत असं वाटतं. ‘तू गटात सामील झाला आहेस’ हे वाक्य स्त्रीला परकं करतं. ‘तुझा गटात समावेश झाला आहे’ म्हटलं की प्रश्न मिटतो. यासाठी व्याकरणाची जाण लागते, नुसतं भाषांतर पुरत नाही.

शेवटचं उदाहरण. समजा, पडद्यावर प्रश्न आहे : ‘तिकीट रद्द करायचे आहे का?’ आणि खाली बटणं : ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. आता ‘रद्द करा’ म्हणजे तिकीट रद्द, की रद्द करणंच रद्द? दोन्ही शब्द शुद्ध मराठी आहेत, शब्दकोशात आहेत, आणि तरी माणसाचे पैसे जाऊ शकतात. उपाय तोच, जो मॅकवर सापडला होता : ‘तिकीट रद्द करा’ आणि ‘तिकीट राहू द्या’.

तुमच्यापैकी जे सॉफ्टवेअरमध्ये काम करतात, त्यांना एवढंच सांगेन. शब्द ठरवायचं काम शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका. आणि ठरवल्यावर, ज्यानं ते सॉफ्टवेअर कधी पाहिलेलं नाही अशा एका माणसाला वाचायला द्या, आणि तो अडखळेल तिथे समजावायला पुढे होऊ नका. जिथे तो अडखळला, तिथे शब्द बदला.

आता प्रश्न घेऊ.