तीस टक्के आले, आता अपील करायचं की नाही?

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे अब्बा मार्केट यार्डात हमाली करायचे. एक डोळा लहानपणीच गेलेला. तीन वर्षांपूर्वी अपघातात पाय मोडला, तो वाकडाच जुळला आणि हमाली सुटली. दिव्यांग प्रमाणपत्र काढायला गेले तर तीस टक्के आले. शाळेत येऊन विचारू लागले, "सर, अपील करू का? एक जण म्हणतो पाच हजार द्या, चाळीस करून आणतो." मुलगी नववीत. तिची शाळा बंद करायची गोष्ट घरात सुरू झाली होती.

हा प्रश्न आपल्या बऱ्याच घरांत आहे. कुणी रागाने अपील करतो, कुणी "अल्लाह की मर्जी" म्हणून कागद कपाटात ठेवून देतो. दोन्ही करण्याआधी हातातला कागद नीट वाचायला पाहिजे.

चाळीसचा आकडा कुठून आला?

2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व मानलं आहे. नोकरीतलं 4 टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातलं 5 टक्के आरक्षण, 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क हे सगळं किमान 40 टक्के असलेल्यांसाठी. संजय गांधी निराधार अनुदान योजनेलाही 40 टक्केच लागतात. या योजनेत दिव्यांगांना महिना 1500 रुपये मिळत होते, ऑक्टोबर 2025 पासून ते 2500 झाले. म्हणजे वर्षाला 30,000. मजुरी बंद पडलेल्या घरात ही रक्कम लहान नाही. 39 आणि 40 मधला फरक डॉक्टरसाठी एक आकडा असेल, घरासाठी तो वर्षभराचा किराणा आहे.

पण 40 च्या वर गेल्यावर आकड्याची ओढ कमी करा. 55 आले आणि 70 पाहिजे होते म्हणून अपील करणारे लोक मी पाहिले. निराधार योजनेचे पैसे 55 ला तेवढेच, 70 लाही तेवढेच. पुढचा मोठा उंबरठा 80 चा आहे. तिथे केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तीवेतन योजना लागते, पण त्यासाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव पाहिजे. ते नसेल तर 80 मिळवूनही त्या योजनेत काही पदरात पडत नाही.

टक्के कसे मोजतात

डॉक्टर मनाने टक्के लिहीत नाहीत. केंद्र सरकारने 4 जानेवारी 2018 ला मोजणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, मार्च 2024 मध्ये ती सुधारली. त्यात प्रत्येक अवयवाचा हिशोब बांधलेला आहे. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर 30 टक्के. याच्यावर कितीही अपील केलं तरी तीसचे चाळीस होणार नाहीत, कारण चूक झालेलीच नाही. कानाचंही तसंच. कायद्यात बहिरेपण धरताना दोन्ही कान बघतात. दोन्ही कानांत 70 डेसिबल किंवा जास्त ऐकणं गेलं असेल तर कर्णबधिर, 60 ते 70 असेल तर ऐकण्यात अडचण असलेला. एकाच कानाने बहिरा असलेला माणूस रोज त्रास सोसतो हे खरं, पण त्या व्याख्येत तो बसत नाही.

मतिमंदत्वात वेगळं आहे. तिथे सौम्य प्रकारालाही 50 टक्के धरतात, पण सीमेवरच्या मुलाला 25. मूल चाचणीच्या दिवशी घाबरलं, चाचणी घेणाऱ्याची भाषा त्याला कळली नाही, तर आकडा चुकू शकतो. उर्दू माध्यमाच्या मुलाला मराठीत प्रश्न विचारले आणि मूल गप्प बसलं, हे मी स्वतः पाहिलं आहे. अशा वेळी फेरतपासणी मागणं रास्त आहे, आणि अर्जात हेच कारण स्पष्ट लिहायचं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी दलाल सांगत नाही. एका माणसाला दोन दिव्यांगत्व असतील तर दोघांची मिळून मोजणी होते. साधी बेरीज नसते, सूत्र असतं. मोठा आकडा जसाच्या तसा ठेवायचा. 90 मधून तो वजा करायचा, जे उरेल त्याला लहान आकड्याने गुणायचं, 90 ने भागायचं आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. डोळ्याचे 30 आणि पायाचे 30 असतील तर 60 होत नाहीत, 50 होतात. डोळ्याचे 30 आणि पायाचे 15 असतील तर बरोबर 40. पायाचे 10 च असतील तर 37 च्या आत, म्हणजे बाहेर.

त्या हमाल भावांचा कागद मी वाचला. त्यावर फक्त डोळा होता. अर्ज भरून देणाऱ्याने पायाचा रकानाच सोडून दिला होता, म्हणून पाय कुणी तपासलाच नाही. इथे अपील करून काय होणार? डोळ्याचे तीस बरोबरच आहेत. त्यांना दोन्ही दिव्यांगत्व लिहून नव्याने तपासणी मागायची होती.

अपील कधी करावं

कायद्याच्या कलम 59 प्रमाणे प्रमाणपत्र देणाऱ्याच्या निर्णयावर राज्याने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. अपील कुणाकडे आणि किती दिवसांत, हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात लेखी विचारा आणि कागद हातात आल्यापासून महिन्याच्या आतच हालचाल करा. प्रमाणपत्र नाकारलं असेल तर कारण लेखी द्यावं लागतं, नियमांत त्याचा वेगळा नमुना आहे. "तोंडी सांगितलं" याच्यावर अपील उभं राहत नाही.

माझ्या मते अपील तेव्हाच करा जेव्हा बोट ठेवून दाखवता येईल की इथे चूक आहे. तपासणी झालीच नाही, जुना रिपोर्ट बघितला नाही, चुकीचा डोळा लिहिला, चाचणी भाषेमुळे फसली. सोबत नवीन रिपोर्ट जोडा. आमची गरिबी, लहान मुलं, आजारी अम्मी हे बोर्डासमोर लिहून उपयोग नाही. मजबुरी तिथे मोजली जात नाही, अवयव मोजला जातो. गरिबीचा विचार तहसीलमध्ये होतो.

प्रमाणपत्र तात्पुरतं आहे की कायम, हेही बघा. तात्पुरत्यावर मुदत लिहिलेली असते. आजार वाढत असेल तर भांडण्यापेक्षा मुदतीला पुन्हा तपासणी करून घेणं सोपं.

धोकाही सांगतो. फेरतपासणीत आकडा खालीही येऊ शकतो. 42 वाल्याने 60 साठी अपील करायच्या आधी दहा वेळा विचार करावा. सध्या वारंही तसंच आहे. जुलै 2024 मध्ये पूजा खेडकर पुण्याहून बदलून आपल्या वाशिमला आल्या, त्यांच्या दिव्यांग प्रमाणपत्रांवर देशभर प्रश्न उठले आणि 31 जुलैला यूपीएससीने त्यांची उमेदवारी रद्द केली. 2025 मध्ये राज्याने दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी हाती घेतली. म्हणून पाच हजारवाल्याच्या नादाला लागू नका. लबाडीने लाभ घेतला तर कलम 91 प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दलाल तेव्हा मोबाइल बंद करून बसलेला असतो.

टक्के आहेत, पण पगार नाही

ही दुसरीच गोष्ट आहे आणि इथे दवाखान्यात चकरा मारून काही होत नाही. निराधारचा अर्ज तहसीलमध्ये असतो. दिव्यांगाच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 च्या आत लागतं. अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. देत नसतील तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज, उत्तराला 30 दिवस. उत्पन्नाचा दाखलाच अडला असेल तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात 30 दिवसांच्या आत पहिलं अपील आहे.

चालू पगार अचानक बंद झाला तर आधी बँकेत जा. पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. आधार तुटलं, हयातीचा दाखला राहिला, एवढंच कारण असतं. अपील करायला तिथे निर्णयच नसतो.

आपल्या लोकांचा खरा अडसर नावाचा आहे. आधारवर "मोहम्मद", रेशन कार्डावर "मो.", उर्दू शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. शेख कुठे पुढे, कुठे मागे. बायकांच्या नावात कुठे "बी", कुठे "परवीन". अर्ज करायच्या आधी हे एकसारखं करून घ्या, नंतर एका टिंबासाठी सहा महिने जातात.

वकील लागतो का?

वैद्यकीय अपिलाला शक्यतो नाही. लागलाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन 15100. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही तक्रार करता येते. हायकोर्ट म्हणजे आपल्यासाठी नागपूर खंडपीठ, ते शेवटी.

नीटवाल्या मुलांसाठी एक गोष्ट. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सांगितलं की टक्के जास्त आहेत एवढ्यावरून एमबीबीएसचा प्रवेश नाकारता येणार नाही. तो शिकू शकतो की नाही हे बोर्डाने तपासून कारणासह लिहिलं पाहिजे. असा नकार आला तर मात्र गप्प बसू नका, दिवस मोजके असतात.

काही जण म्हणतात, सरकारी पगार घेणं म्हणजे खैरात, आपल्याला शोभत नाही. मला हे पटत नाही. कायद्याने दिलेला हा हक्क आहे, कुणाची जकात नाही.

त्या भावांनी पायाचा एक्स-रे आणि ऑपरेशनचे जुने कागद जोडून नवीन अर्ज केला. पायाचे 18 आले, सूत्राने एकूण 42. पाच हजार वाचले. फाइल आता तहसीलमध्ये आहे, उत्पन्नाच्या दाखल्यावर "शे." आणि आधारवर "शेख" असल्यामुळे एकदा परत आली होती. मुलगी दहावीत गेली आहे.