रास्ताफारी पंथाची शब्दसृष्टी आणि बॉब मार्ली

जमैका बेटावरील बहुसंख्य रहिवासी हे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज होत. १८३८ साली तेथील गुलामगिरी पूर्णतः संपुष्टात आली; परंतु धन्याची भाषा आणि धन्याने दिलेली नावे मागे राहिली. १९३० नंतर उदयास आलेल्या रास्ताफारी पंथाने ह्या वारशाशी जो झगडा मांडला, तो बऱ्याच अंशी शब्दांच्या क्षेत्रातील होता. बॉब मार्ली ह्या गायकाच्या चिरस्थायी प्रभावाचा विचार ह्याच पार्श्वभूमीवर करणे इष्ट ठरते.

पंथाचे नाव इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी ह्यांच्यावरून पडले. २ नोव्हेंबर १९३० रोजी त्यांचा राज्याभिषेक झाला. तत्पूर्वी ते रास तफारी ह्या नावाने ओळखले जात. ‘रास’ ही अम्हारिक भाषेतील सरदारकीची पदवी होय. लेनर्ड हॉवेल प्रभृती प्रचारकांना ह्या सम्राटाच्या ठायी बायबलातील भाकिताची पूर्ती दिसली. हॉवेल ह्यांनी लेखनासाठी धारण केलेल्या नावातील ‘मराघ’ हा शब्द ‘महाराज’ ह्याचे रूप मानला जातो. १८४५ पासून मळ्यांवर नेलेल्या करारबद्ध भारतीय मजुरांच्या सहवासाची ही खूण होय. पंथाने पवित्र मानलेल्या वनस्पतीचे ‘गांजा’ हे नावही त्या मजुरांबरोबरच तेथे पोचले.

तथापि ह्या पंथाचे भाषिक वैशिष्ट्य अशा उसन्या शब्दांत नसून इंग्रजीच्या पुनर्घटनेत आहे. प्रमाण इंग्रजीत प्रथमपुरुषी एकवचनाचे ‘आय’ हे रूप कर्त्याच्या व ‘मी’ हे कर्माच्या स्थानी येते. जमैकन क्रिओलमध्ये मात्र दोन्ही स्थानी ‘मी’च येते. सदैव कर्माचे रूप धारण करणारा मनुष्य दुसऱ्याच्या क्रियेचा विषय होऊन राहतो, असे मानून रास्ताफारींनी ‘मी’चा त्याग केला व ‘आय’ स्वीकारले. ‘आय अँड आय’ ह्या प्रयोगात तर बोलणारा, त्याचे बांधव आणि त्या सर्वांच्या ठायी वसणारा ईश्वर ह्यांचा एकत्र निर्देश होतो. जुलूम करणे ह्या अर्थाच्या ‘ऑप्रेस’ शब्दाच्या आरंभी जमैकन कानास ‘अप’, म्हणजे ‘वर’, असे ऐकू येते. परंतु जुलूम तर माणसास खाली दाबतो. म्हणून ‘डाउनप्रेस’ हा नवा शब्द घडला. लोकव्युत्पत्ती सामान्यतः अजाणता घडते. ही घडण मात्र हेतुपुरस्सर होती.

६ फेब्रुवारी १९४५ रोजी सेंट अ‍ॅन परगण्यातील नाइन माइल ह्या खेड्यात जन्मलेले मार्ली १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ह्या पंथाकडे वळले. एका लहानशा, उपेक्षित समूहाची ही बोली त्यांच्या गीतांनी बेटाबाहेर नेली. ४ ऑक्टोबर १९६३ रोजी हैले सेलासी ह्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत वंशभेदाविरुद्ध अम्हारिक भाषेत भाषण केले होते. त्याचे इंग्रजी रूप १९७६ साली मार्लींच्या ‘वॉर’ ह्या गीताचा जवळजवळ संपूर्ण आशय झाले. राजनैतिक व्यासपीठावरील वाक्ये अशा रीतीने रस्त्यावरच्या माणसाच्या मुखी आली. एप्रिल १९८० मध्ये झिंबाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यात मार्लींनी गायन केले, तेव्हा आफ्रिकेकडे डोळे लावून बसलेली ही वाणी आफ्रिकेच्या भूमीवरच ऐकू आली.

मात्र गीतांस जो मान लाभला, तो त्या बोलीच्या भाषकांस तितक्या सहजी लाभला नाही. एप्रिल १९६३ मध्ये कोरल गार्डन्स येथील प्राणघातक चकमकीनंतर नवस्वतंत्र जमैकाच्या शासनाने रास्ताफारींची सरसकट धरपकड केली; अनेकांना मारहाण झाली, कित्येकांच्या जटा कापण्यात आल्या. त्याच राष्ट्राने १९८१ साली मार्लींना ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान दिला. त्याच वर्षी ११ मे रोजी त्यांचे निधन झाले. कोरल गार्डन्सबद्दल शासनाने क्षमायाचना केली ती २०१७ साली. २०१८ साली युनेस्कोने रेगे संगीताचा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

मार्लींच्या प्रभावाचे मूल्यमापन केवळ त्यांच्या ध्वनिमुद्रिकांच्या खपावरून केल्यास ही विषमता नजरेआड होते. जे शब्द आज जगभर गुणगुणले जातात, ते उच्चारणाऱ्यांना एके काळी तुरुंग पाहावा लागला होता. त्या शब्दांचा इतिहास लिहिताना त्यांच्या घडणीबरोबरच ही किंमतही नोंदली जाणे आवश्यक आहे.