डोक्यावरची पायवाट

बीड शहरात आगगाडी यावयास 2025 साल उजाडले. त्या वर्षीच्या 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, अहिल्यानगर ते बीड प्रवासी गाडी सुरू झाली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे एक गाऱ्हाणे मिटले. परळीकरांना आगगाडी जुनीच. जिल्ह्याच्या गावाला मात्र ती नवी. आता स्टेशन आले म्हणजे रिक्षा येणार, दुकाने येणार, रस्ते रुंद होणार, आणि कुणीतरी म्हणणारच, "मुंबईसारखा एखादा स्कायवॉक आपल्याकडंही होऊ द्या की!" तेव्हा वाचकहो, तो मागण्यापूर्वी अशा उंच वाटांची हकीकत एकदा ऐकून घ्या.

जमिनीपासून वर, केवळ पायी चालण्यासाठी केलेली वाट ही आजची कल्पना नव्हे. इटलीतील फ्लॉरेन्स शहरात 1565 साली कोझिमो द मेदिची या ड्यूकने आपला राजवाडा आणि राज्यकारभाराचा वाडा जोडणारी एक बंदिस्त वाट बांधून घेतली. वासारी या वास्तुकाराने ती पाचेक महिन्यांत उभी केली. नदीच्या पुलावरील दुकानांच्या माथ्यावरून ती जाते. हेतू सरळ होता : राज्यकर्त्याला गर्दीत उतरावे लागू नये. वर राजा, खाली प्रजा!

पुढे ही कल्पना व्यापाऱ्यांनी उचलली. अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात हिवाळ्यात पारा शून्याच्या पुष्कळ खाली उतरतो. त्यातच 1956 साली शहराबाहेर साउथडेल नावाचा छपराखालचा मोठा बाजार निघाला आणि गिऱ्हाईक तिकडे वळू लागले. ते परत आणण्यासाठी 1962 पासून मधल्या पेठेतील इमारती बंदिस्त पुलांनी जोडल्या गेल्या. आज हे जाळे सुमारे 15 किलोमीटरांचे आहे. थंडी चुकली, हे खरेच. पण माणसे वर गेली तशी खालच्या रस्त्यावरची वर्दळ आटली. पूल खाजगी इमारतींतून जात असल्याने दारे मिटली की वाटही मिटते. सिनसिनाटी शहराने तर आपले असे काही पूल पाडूनच टाकले.

उलट हाँगकाँगला पाहा. ते शहर डोंगराच्या उतारावर वसलेले. तेथे 1993 साली सुमारे 800 मीटर लांबीची सरकत्या जिन्यांची वाट झाली. ती माणसाला चढाव चढवत नाही, चढाव वाचवते. म्हणूनच ती लोकांची झाली.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने 2008 साली वांद्रे स्टेशनपासून कलानगरपर्यंतचा स्कायवॉक खुला केला आणि त्यामागून महानगरात असे तीस-पस्तीस स्कायवॉक झाले. वांद्र्याला माणसे चालली. कारण गाडीतून उतरलेला माणूस रेल्वेच्या पुलावर आधीच चढलेला असतो, त्याला सरळ पुढे जायचे असते. जेथे हा मेळ जमला नाही, तेथे पूल रिकामे राहिले. शिवाय देखभालीचे काय? वांद्र्याचा तोच स्कायवॉक जेमतेम दहा-अकरा वर्षांत धोकादायक ठरून 2019 मध्ये बंद झाला आणि पुढे पाडावा लागला.

मध्यंतरी मी आईला घेऊन मुंबईस गेलो होतो. एका स्टेशनाबाहेर रस्ता ओलांडायचा होता. खाली जाळी, वर पूल. आईने पायऱ्यांकडे नजर टाकली आणि म्हणाली, "बाबा, खालून न्हाई का जाता येत?" त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

हिशेब करून बघा. शहरातील रस्त्यावर पुलाखाली साडेपाच मीटर उंची मोकळी ठेवावी लागते. पायरी 15 सेंटिमीटरची धरली तर 36-37 पायऱ्या चढायच्या, तितक्याच उतरायच्या. आणि हे मोटारीला थांबावे लागू नये म्हणून! पेट्रोलवर चालणारा सपाटीने जातो आणि पायावर चालणारा डोंगर चढतो.

याचा अर्थ पूल नकोच, असा नव्हे. रुळांवर तो हवाच, आणि चांगला ऐसपैस हवा. मुंबईत 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरीत 23 माणसे गेली. रूळ ओलांडावयास दुसरी वाट नसते. तेथे कंजुषी म्हणजे जिवाशी खेळ. रस्त्याची गोष्ट निराळी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनाप्रमाणे पदपथावर चालण्यासाठी निदान 1.8 मीटर रुंदी मोकळी हवी. आपल्या सुभाष रोडवर किंवा मोंढ्यात एवढी सलग जागा कोठे सापडते का, जरा पावलांनी मोजून या.

स्टेशनाभोवतीच्या वस्तीला आकार यावयाचा आहे; हीच वेळ आहे. पिशव्या सावरीत जाणारी म्हातारी, बिऱ्हाड डोक्यावर घेतलेले ऊसतोड कुटुंब, शाळेचे पोर, ही माणसे स्टेशनापासून घरापर्यंत सपाटीने, निर्धास्त चालत गेली पाहिजेत. नगरपरिषदेपुढे आराखडा येईल तेव्हा पूल किती, हे मागाहून विचारा. आधी विचारा : चालणाऱ्याची वाट कोठे आहे? रस्ता मुळात पायांनीच पडलेला असतो. गाडी त्यावरून मागाहून आली.