पाण्यापासून दोन फूट: पानशेतचा घटनाक्रम

2023 साली मध्य प्रदेशात पांढुर्णा आणि सौसर मिळून नवा जिल्हा झाला. गोवारी वाढोणा, काचीढाणा, सीतापार ही या पट्ट्यातल्या मँगनीज खाणींची नावे शंभर वर्षांहून जुनी आहेत. भूगर्भशास्त्रात इथल्या खडकांना 'सौसर समूह' म्हणूनच ओळखतात. जिथे खनिज धुतात तिथे बारीक गाळ येतो आणि तो अडवायला मातीचा बांध घालावा लागतो. अतिवृष्टीत असा बांध टिकेल का, हा प्रश्न ज्याला पडेल त्याने आधी पुण्याजवळच्या पानशेत धरणाच्या तारखा वाचाव्यात. तिथे पाणी अडवले होते, गाळ नव्हे. पण बांध मातीचाच होता.

18 जून 1961. आंबी नदीच्या खोऱ्यात पावसाने जोर धरला. धरण अर्धवट होते. काम 1962 मध्ये संपायचे होते, तरी एक पावसाळा आधीच पाणी अडवले. पोलादाची टंचाई होती, म्हणून धरणाच्या पोटातला विसर्गाचा बोगदा सळईविना, साध्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचा केला होता. दार उचलण्याची यंत्रणाही पुरी झालेली नव्हती.

जुलैचा दुसरा आठवडा. पाणी 12 दिवसांत 24 मीटर चढले होते. 18 जून ते 12 जुलै एवढ्यात 1,778 मिलीमीटर पाऊस झाला. नव्या मातीला दबून बसायला उसंतच मिळाली नाही. अर्धवट उघड्या दारातून पाणी आदळत होते, बोगदा थरथरत होता. त्याच्यावरच्या मातीला तडे गेले.

11 जुलैची रात्र. भिंत खचू लागली. अडीच तासांत 1.4 मीटर खचल्याची नोंद आहे. शेवटी माथा आणि पाणी यांत उरले 0.6 मीटर, म्हणजे दोन फूट. लष्कराचे जवान भर पावसात त्या खचत्या माथ्यावर वाळूची पोती रचत होते. त्या पोत्यांमुळे काही तास मिळाले आणि धरण रात्री न फुटता उजाडल्यावर फुटले. पुण्यातली हजारो माणसे वाचली ती या काही तासांमुळे. या जवानांचे ऋण पुण्याने कधी विसरू नये.

12 जुलै, सकाळी 7 ते 8. खचलेल्या जागेवरून पाणी गेले आणि धरण फुटले.

लोंढा खाली खडकवासल्यावर आला. 1879 चे ते दगडी धरण, माथ्यावरून 2.7 मीटर पाणी वाहत असताना, सुमारे चार तास उभे राहिले. मग तेही गेले. पुण्यात लकडी पूल बुडाला, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले.

सांडवा अपुरा पडला म्हणून पानशेत फुटले नाही. पायाही खचला नव्हता. दोष होता विसर्गाच्या बोगद्यात, दारात आणि ते उचलणाऱ्या यंत्रणेत. पावसाने फक्त घाई केली.

गाळाचा बांध याहून कपटी. ताटात ओला बारीक गाळ घ्या. वरून घट्ट दिसतो, बोट टेकवले तर पेलतोही. मग ताटाला टिचक्या मारत राहा: पाणी वर येते, गाळ पातळ होऊन वाहू लागतो. दक्षिण आफ्रिकेत मेरीस्प्रुइट इथे 22 फेब्रुवारी 1994 च्या संध्याकाळी थोड्या वेळात 50 मिलीमीटरच्या आसपास पाऊस झाला. सोन्याच्या खाणीचा बांध 31 मीटर उंच, घरे जेमतेम 300 मीटरवर. आतले पाणी निचऱ्याच्या जागेपासून सरकून भिंतीला येऊन टेकले होते. रात्री 9 च्या सुमारास बांध फुटला, 6 लाख घनमीटर गाळ वस्तीत शिरला, 17 माणसे गेली. तिथे पोती रचायलाही वेळ मिळाला नाही.

म्हणून पाऊस किती पडेल, एवढाच हिशोब करून भागत नाही. पाणी माथ्यापासून किती खाली आहे, भिंतीपासून किती दूर आहे, निचरा मोकळा आहे का, पायथ्याशी झिरपणारे पाणी गढूळ झाले का, या चार गोष्टी भर पावसात माणसाने चालत जाऊन पाहायच्या असतात. सौसर-पांढुर्ण्यात ज्या गावाच्या वर असा बांध असेल त्या ग्रामपंचायतीने मृग लागण्याआधी खाणवाल्यांकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: पाणी आणि माथा यांत किती फूट राखणार, आणि ते अंतर घटले तर रात्री गावाला कोण उठवणार.