मोहरी आणि मोहरीसारखं

परवा गटाच्या बैठकीला आपली एक मैत्रीण हरभऱ्याच्या बांधावरून एक झाड उपटून घेऊन आली. पदराच्या टोकात धरून, कारण त्याला काटे होते. म्हणाली, "ताई, फूल पिवळं, दाणे मोहरीसारखे. ही रानमोहरी का?"

ती रानमोहरी नव्हती. तो होता पिवळा धोत्रा, कुणी काटेधोत्रा म्हणतं. आणि तिच्या त्या एका प्रश्नापायी आपल्या देशात शंभर-सव्वाशे वर्षांत किती माणसं गेली, ते आज सांगायचं आहे.

आधी मोहरीचं कुळ ओळखू. मोहरी, मुळा, कोबी, नवलकोल, अळीव ही सगळी एकाच घरची भावंडं. परसात मुळा फुलावर आला की फूल हातात घेऊन बघा. पाकळ्या चारच, समोरासमोर, अधिकाच्या खुणेसारख्या. आत सहा केसर, त्यातले चार लांब आणि दोन आखूड. मोहरीचं फूलही तसंच, रंग तेवढा वेगळा. बांधावर काही उगवलं आणि फूल असं चार पाकळ्यांचं दिसलं, तर ते बहुधा याच घरचं.

पिवळ्या धोत्र्याला पाकळ्या बहुधा सहा. पानाला काटे, शिरा पांढुरक्या, आणि देठ मोडला की पिवळा चीक येतो. मोहरीच्या देठातून असा चीक कधी येत नाही. नावात धोत्रा असला तरी हे झाड धोत्र्याच्याही कुळातलं नाही. ते अफू-खसखशीच्या घरचं. मूळचं मेक्सिकोकडचं, युरोपातली गलबतं इकडे यायला लागल्यानंतर आलेलं. उत्तरेत त्याला सत्यानाशी म्हणतात. ज्यांनी नाव ठेवलं त्यांना काहीतरी ठाऊक असणार!

झाड उभं असताना कुणी फसत नाही. फसगत होते ती दाण्यात. धोत्र्याचं बोंड वाळलं की वरून उघडतं आणि बारीक काळे दाणे सांडतात. उत्तरेत मोहरीच्या काढणीच्या दिवसांतच तेही पिकतं. कधी ते मोहरीत चुकून जातं, कधी कुणी मुद्दाम घालतं, कारण रानातलं फुकटचं बी आणि त्यालाही तेल असतं.

१८७७ साली कलकत्त्यात एक विचित्र साथ आली. माणसांचे पाय सुजायचे, बोटाने दाबलं की खळगा पडायचा, धाप लागायची, आणि काहींचं हृदयच थकून जायचं. एका घरातली बरीच माणसं एकदम आजारी पडायची, म्हणून लोकांना वाटलं आजार संसर्गाचा आहे. कुणी तांदळाला दोष दिला. कितीतरी वर्षं हे असंच चाललं. एक गोष्ट मात्र वेगळी होती. घरातल्या मोठ्यांना आजार व्हायचा, पण अंगावर पिणारी तान्ही बाळं त्यातून सुटायची. मला वाटतं, हे आयांच्या लक्षात डॉक्टरांच्या आधी आलं असेल. बाळ स्वयंपाकघरातलं काही खात नाही, म्हणजे दोष खाण्यात आहे.

१९२६ मध्ये डॉ. सरकार यांनी बोट ठेवलं ते मोहरीच्या तेलातल्या धोत्र्याच्या तेलावर. पुढच्या दहा-बारा वर्षांत प्रयोगांनी ते पक्कं झालं. त्या तेलात सँग्विनरीन नावाचं विष असतं. त्याने बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, म्हणून सूज येते. काहींच्या डोळ्यांत काचबिंदूही होतो.

म्हणजे कारण कळलं होतं. तरीही १९९८ च्या पावसाळ्यात दिल्लीत तीच साथ पुन्हा आली. तीन हजारांवर माणसं आजारी पडली, साठाहून जास्त दगावली. कारण कळून बहात्तर वर्षं झाली होती! त्याच वर्षी खाद्यतेल बंद पाकिटात विकण्याचा केंद्र सरकारचा आदेश निघाला. छोट्या घाणीवाल्यांचं त्यात मरण झालं, अशी तक्रारही तेव्हा झाली, आणि ती मला अगदीच खोटी वाटत नाही.

आपल्याकडे तेल शेंगदाण्याचं, करडईचं. मोहरी फोडणीला आणि लोणच्याला, म्हणून या साथी आपण फारशा ऐकल्या नाहीत. पण आता बाळाला चोळायला मोहरीचं सुटं तेल आणणाऱ्या बायका मी पाहते. अंगाला चोळलेल्या भेसळीच्या तेलानेही हा आजार झाल्याची नोंद आहे. तेलातली भेसळ घरी डोळ्यांनी कळत नाही, ती प्रयोगशाळेतच कळते. सुटं तेल घेऊच नका. शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. आणि घरात दोघा-तिघांचे पाय एकदम सुजले, तर दवाखान्यात जाऊन कुठलं तेल खाल्लं ते आधी सांगा.

दाणे मात्र आपण ओळखू शकतो. त्या दिवशी आम्ही तेच केलं. त्या मैत्रिणीने आठवडी बाजारातून आणलेली मोहरी पांढऱ्या ताटलीत पसरली. मोहरीचा दाणा गुळगुळीत, गोल. धोत्र्याचा काळा, खरखरीत, बोटाला दाणेदार लागणारा. संशय आला की दाणा चमच्याखाली दाबायचा. मोहरी आतून पिवळी निघते, धोत्रा पांढरा.

तिच्या मोहरीत सात दाणे पांढरे निघाले. तिने ती सगळी पुडी परत बांधली आणि म्हणाली, "येत्या बाजारी त्याच्यासमोरच दाबून दाखवते."