मध न वापरणारा वैद्य



सुट्टीत नातीबरोबर बसून 'द अपॉथेकरी डायरीज' ही जपानी कार्टून मालिका पाहिली. जुन्या चीनसारखं एक काल्पनिक राज्य, राजाचा राणीवसा, आणि त्यात माओमाओ नावाची झाडपाला आणि विषं ओळखणारी मुलगी. राणीवशातली तान्ही बाळं का दगावतात ते ती शोधून काढते. तोंडाला लावायच्या पांढऱ्या पावडरीत शिसं असतं. पुढे एक बाळ मधामुळे गेल्याचंही तिच्या ध्यानात येतं. हे काही कार्टूनवाल्यांच्या मनचं नाही. मधात कधीकधी एका जंतूचे बीजाणू असतात. मोठ्यांना ते पचतात, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून आजचे डॉक्टर पहिलं वर्ष मध देऊ नका म्हणतात. आपल्याकडे गुटी मधात उगाळून चाटवायची पद्धत घरोघर होती. आमच्या माहेरी मध उंबऱ्याच्या आतच येत नसे, तेव्हा गुटी आईच्या दुधात उगाळली जाई.

नातीने विचारलं, "आजी, आपल्यात असं कुणी होतं का गं?" होते ना. उग्रादित्याचार्य.

नवव्या शतकातले हे दिगंबर मुनी, श्रीनंदींचे शिष्य. त्यांचा संस्कृत ग्रंथ 'कल्याणकारक'. पंचवीस अधिकार आणि शेवटी दोन परिशिष्टं. आजच्या आंध्रातल्या वेंगी प्रदेशात, रामगिरी डोंगरावरच्या जिनालयात बसून तो लिहिला, असं ते स्वतः सांगतात. शेकडो वर्षं तो हस्तलिखितांतच होता. १९४० मध्ये आपल्या सोलापूरच्या सखाराम नेमचंद ग्रंथमालेने तो छापला, पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्रींच्या हिंदी अनुवादासह. सोलापूरच्या जैनांनी पुस्तकांसाठी किती केलंय, याचा हिशेब कधीतरी मांडायला हवा.

या ग्रंथाची ओळख आपल्यात एकाच वाक्यात सांगतात: मद्य, मांस आणि मध न वापरणारं वैद्यक. ऐकायला सोपं वाटतं. पण आयुर्वेदात वाताला तेल, पित्ताला तूप आणि कफाला मध, असा जुना ठोकताळा आहे. चूर्ण द्यायचं ते मधातून. च्यवनप्राशात मध. आसव-अरिष्टं आंबवून करायची, म्हणजे त्यात अल्कोहोल आपोआप तयार होतं. अशक्त रोग्याला मांसरस द्यावा, असं चरक-सुश्रुतांनीच सांगितलेलं. एवढं सगळं वजा करून वैद्यकी करणं म्हणजे मीठ, तेल आणि विस्तव सोडून स्वयंपाक करण्यासारखं आहे. बाकी राहतं ते हिरडा, बेहडा, आवळा, सुंठ, पिंपळी, तूप, दूध आणि गूळ. ओलं आलं न खाणाऱ्या आपल्या घरांतही सुंठ चालते, हे तुम्हाला सांगायला नकोच.

मला सगळ्यात आवडतो तो शेवटचा हिताहित अध्याय. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंगाच्या दरबारात, जमलेल्या वैद्यांसमोर, मांस हे औषध नव्हे हे आचार्यांनी मांडलं, त्याचा हा मजकूर. आपापसात, देरासरात बसून मांस वाईट म्हणायला काय लागतं? सगळ्या माना डोलतात. जे रोज मांसरस लिहून देतात त्यांच्यापुढे, वैद्यकाच्याच भाषेत बोलणं वेगळं.

हा अमोघवर्ष म्हणजे आदिपुराणकार जिनसेनाचार्यांना मानणारा राजा. राजधानी मान्यखेट, म्हणजे कर्नाटकातलं आजचं मळखेड. लांबचा वाटतो, पण नाही. काशीमीऱ्याहून नॅशनल पार्कचे जे डोंगर दिसतात, त्याच रांगांत पुढे कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या शके ७६५ च्या, म्हणजे इ. स. ८४३ च्या शिलालेखात कोकणचा शिलाहार राजा पुल्लशक्ती हा अमोघवर्षाचा मांडलिक म्हणून येतो. आपण जिथे बिल्डिंगा बांधून राहतो, तो मुलूख तेव्हा याच सम्राटाच्या छत्राखाली होता.

उग्रादित्यांनी आपल्या आधीच्या जैन वैद्यकारांची नावंही दिली आहेत. डोळे-कान-नाकाच्या रोगांवर पूज्यपाद, शस्त्रक्रियेवर पात्रस्वामी, लहान मुलांच्या आजारांवर मेघनाद, विषांवर सिद्धसेन. माओमाओच्या विषयावर आपल्याकडे अकराशे वर्षांपूर्वीच पुस्तक होतं, ते आज हाती नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. ग्रंथाच्या शेवटाकडे रसायनाचा अधिकार आहे, आणि त्यात पारा आहे. मधमाशीची एवढी काळजी घेणाऱ्या आचार्यांना पाऱ्यात हिंसा दिसली नाही, कारण त्यात जीव मरत नाही. पण रोग्याच्या मूत्रपिंडाचं काय? शिशाची पावडर आणि पारा मला एकाच माळेचे मणी वाटतात. 'शुद्ध शाकाहारी' लिहिलं की निर्धास्त व्हायचं, ही सवय आपल्यालाही आहे. आचार्यांचा आदर राखूनच म्हणते, त्यातलं काही घरी करून बघू नये.

त्यांचा मूळ प्रश्न आजही दारात उभा असतोच. औषध म्हटलं की व्रत बाजूला ठेवायचं का? कॅप्सूलचं वरचं टोपण बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं. खाण्याच्या पाकिटासारखी शाकाहारी-मांसाहारीची खूण औषधावर नसते. माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या बायपासच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपारिन द्यायचं होतं. ते डुकराच्या आतड्यापासून करतात. जाऊबाईंनी डॉक्टरांना सरळ विचारलं, "दुसरं काही आहे का?" डॉक्टरांनी नीट समजावलं की या ऑपरेशनला हेच भरवशाचं. त्या म्हणाल्या, मग द्या. बरं वाटल्यावर त्यांनी महाराजांपाशी जाऊन सगळं सांगितलं आणि प्रायश्चित्त घेतलं.

गोळ्यांचं मात्र आम्ही आता सोडत नाही. वनस्पतीपासून केलेल्या कॅप्सूल मिळतात, आणि कित्येक औषधं साध्या गोळीच्या रूपातही येतात. आधी डॉक्टरांना विचारायचं, मग केमिस्टला.